मालकाच्या माळवदावरची माती

"कान धर."

मी धरले.

"आता म्हण. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण. माळवद माझ्या हातनं पडलं."

मालक ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी ओट्याखाली अंगणात. पायाला चिखल. डोक्यात, भुवयांत, कानात पडलेल्या छताची माती. माझ्यामागं चाळीतली सगळी बिऱ्हाडं उभी केलेली. दिवाणजींनी दार वाजवून एकेकाला बोलावून आणलं होतं. तमाशा बघायला नव्हे, धडा घ्यायला.

माझी बायको हौसा तेवढी त्यात नव्हती. ती शेजारणीच्या खोलीत पडली होती. मोडलेला हात फळीला बांधलेला आणि दीड महिन्याची पोर कुशीत. आदल्या दिवशी दुपारी आमच्या खोलीचं छत तिच्या अंगावर आलं होतं.

"म्हण की रे. धनगराची जीभ एवढी जड कधीपासून झाली?"

मी म्हणालो, "माळवद माझ्या हातनं पडलं."

"मोठ्यानं."

पुन्हा म्हणालो. मोठ्यानं.

मालक दिवाणजींकडं बघून हसले. "मेंढरामागं उघड्यावर झोपणारी जात ही. छताखाली राहायचं वळणच नाही. द्यावं तर मोडून ठेवतात."

मी मान हलवली. 'व्हय' म्हणालो. तिथंही थांबलो नाही. खाली वाकलो, ओट्याच्या पायरीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांची सवय.

कान माझ्याकडून धरवून घेतले होते. पायरीला हात मी आपण होऊन लावला. आज ते आठवलं की कानापेक्षा हाताची लाज वाटते.

मी करमाळा तालुक्यातला. जेऊर टेसनावरून चार कोस आत आमची वस्ती. वस्ती म्हणजे काय, पावसाळ्यापुरती चार पालं. बाकीचं वर्ष मेंढरं नेतील तिकडं. आई म्हणायची, तुला शाळेत घातलं ते एका जागी बसायची सवय लागावी म्हणून. मामाकडं राहून तिसरी झालो. मग एका साली मेंढरांवर रोग आला. महिन्याभरात मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा. बाप त्याच सालात गेला. शाळा सुटली. पाटी मी मामाच्या पोरीला दिली, बापाचं काळं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि सोलापूरला गिरणीत काम मिळतं असं ऐकून गाडीत बसलो.

काम मिळालं. कापूस पिंजायच्या खात्यात. नाकातोंडात कापूस, पण पगार वेळेवर. राहायला जागा मात्र मिळेना. विणकरांच्या वस्तीत, गिरणीच्या मागं, जिथं जाईन तिथं पहिला सवाल एकच. जामीन कोण? इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. धर्मशाळेच्या पायरीवर दिवस काढले. भोंगा झाला की काम, काम सुटलं की पायरी.

मग ह्या मालकांच्या ओट्यापुढं येऊन उभा राहिलो. त्यांनीही विचारलं.

"जामीन कोण?"

"कुनी न्हाय, मालक."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "राहा. तोंडावरनं गरीब दिसतोस."

ते शब्द मी सोन्यासारखे जपले. एवढ्या मोठ्या शहरात एका माणसानं जामिनाशिवाय मला आत घेतलं. गावाकडं कार्ड लिहिलं, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. 'मालक देवमाणूस आहेत. काळजी नसावी.' आईनं ते मामाकडून तीनदा वाचून घेतलं, असं पुढं कळलं. गरीब दिसतोस म्हणजे काय दिसतोस, ते कळायला मला चार वर्षं लागली.

पगाराच्या दिवशी आधी भाडं, मग पीठ. मालक रस्त्यात दिसले तर मी डोक्याचं फडकं काढून बाजूला उभा राहायचो. लग्न करून हौसाला आणली तेव्हा देवळाआधी तिला ओट्याच्या पाया पडायला नेली. ती चालता चालता हळूच म्हणाली, "ह्यो कंचा देव?" मी तिच्यावर डोळे वटारले.

आता माळवदाचं सांगतो. सोलापुरात जुन्या घरांना कौलं थोडी, माळवदं फार. भिंतीवर लाकडी तुळया टाकतात. तुळयांवर आडव्या काठ्या, काठ्यांवर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. तो चोपून चोपून घट्ट केला की झालं छत. सपाट. वर चढून उभं राहता येतं, वाळवण घालता येतं. पण पाऊस, ऊन ह्यानं ती माती मरते, भेगाळते. म्हणून दर साली मिरगाच्या आधी त्यावर ताजी माती घालावी लागते. नाही घातली तर गळतं.

आमच्या मालकांचा नियम होता, राहील त्यानं माती घालायची. छत त्यांचं, भाडं त्यांना, माती आमची. कुणी काही म्हणत नव्हतं. मी तर नाहीच. मला उलट बरं वाटायचं. उपकाराखाली दबलेल्या माणसाला काहीतरी फेडायला मिळालं की बरं वाटतं.

माझी खोली चाळीच्या टोकाला. वर चढायची शिडी माझ्याच भिंतीला टेकलेली. पालात जन्मलेला माणूस मी. माळवदाची रीत मला काय ठावी? घाल म्हटलं, घातली. पहिल्या साली ओढ्याकाठची माती खणून आणली. मालकांनी वर चढून बघितलं आणि म्हणाले, "हौशी आहेस." मग म्हणाले, "रविवारी सुट्टी असते ना तुला? आमच्या घराचंही काम काढलंय. येत जा मदतीला."

मालकांचं घर म्हणजे आमच्या चाळीच्या पाठीला दुमजली. त्याचंही माळवदच, पण केवढं! तिथं गवंडी लावलेले असायचे. मी फुकट जायचो, माती वाहायला आणि चोपायला. तिथं काम कसं चालायचं ते मी दर साली ह्या डोळ्यांनी बघितलं. गवंडी आधी जुनी माती कुदळीनं खरवडून काढायचे. पार काठ्या दिसायला लागेपर्यंत. मग नवी घालायचे. मी बघायचो आणि मनात म्हणायचो, मोठ्यांच्या घरच्या मोठ्या तऱ्हा.

खरवडलेल्या मातीचा अंगणात ढीग लागायचा. मालक खुर्चीतून म्हणायचे, "एवढी माती उकिरड्यावर कशाला टाकायची? चाळीवर नेऊन घाल. तुला ओढ्यावर जायला नको."

मला भरून यायचं. मालकांनी माती दिली! फुकट! डोक्याच्या फडक्याची चुंबळ वळायची, चुंबळीवर पाटी, आणि त्यांच्या छतावरचं उतरलेलं ओझं मी डोक्यावर घेऊन आमच्या छतावर चढवायचो. दोन रविवार लागायचे. चाळीची सगळी लांबी झाकायची होती, पण शिडी माझ्या खोलीवर चढायची, म्हणून जास्तीत जास्त माझ्याच खोलीवर पडायची. मी वर उभा राहून चोपण्यानं चोपायचो. दणादण. खाली हौसा ओरडायची, "अवं, जरा हळू! डोळ्यात जातंय!"

शेजारच्या खोलीत नरसम्मा राहते. तेलुगू विणकरीण, वयानं माझ्या आईएवढी. घरात हातमाग, दिवसभर खटखट. मला ती तम्मुडू म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. तिसऱ्या साली तिनं मला शिडीवर अडवलं होतं.

"तम्मुडू, जुनी काढत न्हाय का रे तू?"

"मालकांनी घालायला सांगितलंय, अक्का. काढायला कुटं सांगितलंय?"

ती म्हणाली, "अय्यो, मालकानं इहिरीत उडी मार म्हटलं तर चुंबळ घेऊन उडी मारशील बघ."

आम्ही दोघं हसलो. मी पाटी घेऊन वर गेलो.

पोरगी श्रावणात झाली. खोलीच्या मधोमध मोठी तुळई होती. तिला हौसानं झोळी बांधली. लुगड्याची. तिच्याकडं धड लुगडी दोन. एक अंगावर, एक झोळीला.

भादव्यात ती म्हणाली, "तुळईच्या सांदीतनं माती गळती. पोरीच्या तोंडावर पडती."

मी बघितलं. तुळई मधे वाकली होती. दोऱ्या सैल पडल्यावर बाज खोलगट होते तशी.

तीनदा गेलो मालकांकडं. जाताना वाटेत बोलायचं पाठ करायचो. मालक, तुळई वाकलीय. मालक, पोर हाय खाली. मालक, गवंडी पाठवा. ओट्याशी पोचलो की सगळं पुसून जायचं. तोंडातून निघायचं ते असं, "मालक, तसं काय न्हाय. जरा माती पडती."

पहिल्यांदा ते म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा, "पावसाळा जाऊ दे." तिसऱ्यांदा कातावले. "वरनं भोक पडलं असेल. आणखी दोन पाट्या टाक की! सांगायला येतोस ते."

मी गेलो आणि टाकल्या. दोन नाही, चार. पाऊस पिऊन आधीच जड झालेल्या छतावर. खाली माझी पोर निजलेली होती आणि वर मी तिच्यावर माती घालत होतो. चोपून.

हस्ताचा पाऊस तीन दिवस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीत होतो. पुढचं नरसम्मानं सांगितलेलं. आधी तुळई कडकडली. हौसानं पोरीला झोळीतून उचललं, दाराबाहेर नरसम्माच्या हातात दिलं. सुटली होती ती. पण परत आत वळली. लुगडं सोडायला. तुळईला बांधलेलं लुगडं. माणसाकडं तिसरं लुगडं असतं तर तिचा हात धड राहिला असता.

मी पोचलो तेव्हा तिला बाहेर काढलं होतं. तोंड मातीनं एवढं माखलेलं, की आधी मला ती ओळखू येईना. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "लुगडं फाटलं."

दुसऱ्या दिवशी ओट्यापुढं कान धरले. ते वर सांगितलं.

त्याच वेळी मालकांनी निकाल दिला. छत मी माझ्या खर्चानं उभं करायचं. तोवर भाडं चालूच. येत्या रविवारी दिवाणजी कागद करतील. माझ्या हयगयीनं माळवद पडलं आणि ते भरून द्यायची जबाबदारी माझी, असा. त्यावर मी अंगठा उठवायचा. सही येते का, ते कुणी विचारलं नाही.

मी म्हणालो, "मालक, तवर ऱ्हाऊ कुटं?"

"भिंती उभ्या आहेत की. भाडं भिंतींचं आहे. आभाळाचं वेगळं लावत नाही मी."

मागं दोघंतिघं हसले. त्यांचा राग मला येत नाही. त्यांच्याही डोक्यावर मालकाचंच माळवद होतं.

मी रोज कामावरून आलो की दिवस मावळेपर्यंत माती उपसायला लागलो. सामान मातीखालीच होतं, तवा, जातं, पोरीची दुपटी. नरसम्मानं मागाच्या बाजूला आम्हाला जागा दिली होती. हौसा माझ्याशी बोलत नव्हती. कान धरल्याचं तिला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी कुदळीखाली कट्ट वाजलं. वाकून उचललं. चिनी मातीच्या बरणीचा तुकडा. पिवळा, वर तपकिरी झिलई. एका कडेला धार.

आमच्या चाळीत चिनी बरणी कुणाकडं आहे? लोणचं आम्ही मडक्यात घालतो, तेही घातलं तर. मी तुकडा हातात फिरवला आणि माझा उजवा अंगठा आपोआप आखडला.

ह्या तुकड्याला माझा अंगठा ओळखत होता.

दुसऱ्या साली मालकांच्या माळवदावर माती पाटीत भरताना हाच तुकडा लागला होता. त्यांच्या घरची बरणी, उन्हात ठेवलेली, वरच फुटलेली. अंगठा खोल कापला. रक्त थांबेना. दिवाणजी तिथंच उभे होते. हसून म्हणाले, "लोणच्याची लई हाव बरं का ह्याला." मी पण हसलो होतो. चिंधी बांधली आणि ती पाटी डोक्यावर घेऊन चाळीवर नेऊन ओतली. त्या तुकड्यासकट.

मग मी भिंतीकडं बघितलं. एका कोपऱ्याला छताचा थोडा भाग भिंतीला धरून लटकत होता. कापलेल्या भाकरीसारखी त्याची कड दिसत होती. सगळ्यात खाली माळवदाची मूळची माती, वीतभर. त्यावर चार बोटं पांढरी, ओढ्याकाठची, मी पहिल्या साली आणलेली. आणि त्यावर हातभर काळपट, मेलेली माती. त्यात बांगड्यांच्या काचा, चिंचोके, कबुतरांची पिसं, फुटक्या कपाचा निळ्या फुलांचा कान. आमच्या डोक्यावर त्यांच्या घरचा सगळा केर थराथरानं रचलेला होता.

मोडलेली तुळई बघितली. आत लाकूड लालबुंद, धडधाकट. किडलेलं नव्हतं. ओझ्यानं मोडलं होतं.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मालकाच्या घरावर माती आधी का काढतात. ती मोठ्यांची तऱ्हा नव्हती. ती रीत होती. छताला किती सोसवतं ते त्यांना ठाऊक होतं. आपली पोरंबाळं ज्याच्याखाली निजतात तिथं त्यांनी ती रीत दर साली पाळली. आणि तिथून काढलेलं ओझं आमच्या डोक्यावर चढवायला माणूस लावला. मीच.

तुकडा घेऊन हौसाकडं गेलो. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पोरीला पाजत, एका हातानं.

"तुमी आनली," ती म्हणाली. "त्यांनी दिली. आन पडली कुनावर?"

मी तुकड्यावरची माती पुसली.

"आता जावा की. पायरीला हात लावून या आनखी एकदा."

माग थांबला होता. नरसम्मा धागा धरून ऐकत होती. मी तुकडा फडक्यात बांधला. रविवार जवळ येत होता. मी भित्रा माणूस आहे. हे लपवून काय उपयोग? कुठं जाणार, कामावरून काढायला लावतील का, पोरीला कुठं ठेवू, हेच डोक्यात. गिरणीत हात चालत होते आणि तोंड पुटपुटत होतं. पाठ करत होतो. पण ह्यावेळी मागायचं काही नव्हतं, म्हणून विसरायचंही काही नव्हतं.

रविवारी सकाळी मी चुंबळ वळली. पाटीत ती काळपट माती भरली, गच्च. डोक्यावर घेतली आणि निघालो. नरसम्मा मागं आली. तिच्यामागं आणखी दोन बिऱ्हाडं.

ओट्यावर मालक, बाजूला दिवाणजी, मांडीवर कागद. शाईची डबी उघडून ठेवलेली, अंगठ्यासाठी.

मी खाली थांबलो नाही. तीन पायऱ्या चढलो. चार वर्षांत पहिल्यांदा ओट्यावर पाय ठेवला. मालकांच्या खुर्चीपुढं पाटी पालथी केली.

"काय हे! वेड लागलंय का तुला?"

"तुमची माती हाय, मालक. परत आनलीय."

"खाली उतर. आधी खाली उतर!"

मी फडकं सोडलं. तुकडा त्या ढिगावर ठेवला. अंगठा पुढं केला, शाईकडं नव्हे, दिवाणजींच्या डोळ्यांपुढं. कापल्याचा वण अजून आहे, आडवा.

"दिवाणजी, मालकांच्या माळवदावर ह्या बरनीनं माझा अंगठा कापला तवा तुमी हसला व्हता. आठवतंय?"

दिवाणजींनी कागदाची घडी सरळ केली.

"आठवतंय का न्हाय?"

"असेल. मला काय रोजचं लक्षात राहतंय?" ते म्हणाले. पण त्यांनी मालकाकडं बघितलं. ते सगळ्यांना दिसलं.

मालक खुर्चीतून पुढं झुकले. आवाज खाली आणला, समजुतीचा. "अरे, माती तूच घातलीस ना? तुझ्या हातानं? मग?"

"व्हय. म्या घातली. जुनी काढायची असती हे मला ठावं नव्हतं. ती चूक माझी. तेवढी मी घेतो. तुमाला ठावं व्हतं. तुमच्या घरावर तुमी आदी काढत व्हता, मग घालत व्हता. ती चूक न्हवं, मालक. ते जानूनबुजून हाय."

"जामीन नसताना जागा दिली तुला. विसरलास?"

हा शब्द येणार हे मला माहीत होतं. चार वर्षं तो माझ्या मानेवर होता. आला आणि मान वाकायला लागलीही. तेवढ्यात खालून पोरीचं रडणं ऐकू आलं. हौसा आली होती. गळ्यात बांधलेला हात, दुसऱ्या हातावर पोर.

"जागा दिली न्हाय," मी म्हणालो. "भाड्यानं लावली. दर म्हयन्याला घेतलं तुमी. भाडं घेता ते कशाचं? भिंती तर मेंढरांच्या वाडग्याला बी असत्यात. वर छत हाय म्हनून भाडं. छत घाला, भाडं घ्या. तवर ना भाडं, ना अंगठा."

"खोली खाली कर. आज. आत्ता."

"न्हाय करत."

"सामान उघड्यावर फेकीन!"

आणि मला हसू आलं. खरंच आलं. ओट्यावर उभ्या उभ्या.

"उघड्यावर? मालक, तुमीच म्हनला की, मेंढरामागं उघड्यावर झोपनारी जात. माझा बाप उघड्यावर जल्मला, उघड्यावर मेला. त्याच्या अंगावर आभाळ कधी पडलं न्हाय. तुमचं छत पडलं."

खाली कुणीतरी हसलं. ह्यावेळचं हसणं वेगळं होतं. मग नरसम्माचा आवाज आला, हिशेबी, मागावरचा धागा मोजावा तसा. "मालक, माझ्या खोलीवरची पण उतरवून घ्या. तुमची हाय ती. मी आता पाटी घेऊन शिडीवर चढणार न्हाय."

मागचा एकजण म्हणाला, "माझ्या बी."

मालक उठून आत गेले. दार लावलं. दिवाणजींनी शाईची डबी बंद केली. माती तिथंच राहिली.

हे सगळं सांगून मी जिंकलो असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवसापासून चाळीच्या आडावरचा दोर मालकानं काढून नेला. आम्ही लांबून पाणी आणतो. गिरणीत माझ्या जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, कानावर काहीतरी घातलं गेलं. मला आता सगळ्यात वाईट मशीनवर लावलंय. हौसाचा हात वाकडाच जुळला. भाकरी थापताना तिला तो दुसऱ्या हातानं धरावा लागतो. छत अजून नाही.

मी ह्याच खोलीत बसून हे लिहितोय. चार भिंती, आणि वर दोन भिंतींना बांधलेलं बापाचं काळं घोंगडं. त्याच्याखाली पोर. थंडी गेली, ऊन सरत आलं, तिला काही झालं नाही. घोंगड्यातनं माती गळत नाही.

मिरग पंधरा दिवसांवर आलाय. मालकाच्या घरावर गवंडी लागलेत. कुदळींचा आवाज इथवर येतो. खरवडलेल्या मातीचा ढीग त्यांच्या अंगणात वाढतोय. दिवाणजी दोनदा येऊन गेले, चाळीवर माती चढवा म्हणून. पहिल्यांदा दटावून, दुसऱ्यांदा गोडीनं. शिडी माझ्या भिंतीला टेकलेली आहे. चाळीतलं कुणी तिच्यावर पाय ठेवलेला नाही. नरसम्मानं तर तिच्यावर धुतलेलं सूत वाळत घातलंय.

काल दिवाणजी म्हणाले, "पाऊस आला की तुझ्या पोरीचं काय?"

भीती वाटली. वाटतेच. पण भीती वाटली म्हणून शिडी चढायची, हे मी एकदा करून बघितलंय. त्याचं मोल हौसानं हातानं भरलंय.

म्हणून सांगितलं, "पाऊस आला तर तिला घेऊन तुमच्या ओट्यावर येऊन बसीन. तिथलं छत लई मजबूत हाय. मीच चोपलंय."

आज आईला कार्ड लिहिलं. मागं लिहिलं होतं, मालक देवमाणूस आहेत. मामाला सांग, ते कार्ड काढून त्यातली ती ओळ खोडून टाकायला. त्या जागी लिहायला सांग, मालक भाडं घेणारा माणूस आहे, आणि तुझा लेक भाडं देणारा. जो घेईल त्यानं डोक्यावरचं सांभाळायचं. जोवर सांभाळत नाही तोवर एक पैसा नाही, एक पाटी नाही, एक रामराम नाही. आणि मी इथून हलणार नाही.

चुंबळ उकलून मी ते फडकं परत डोक्याला बांधलंय.